साडेतीनशे रुपयांचं देणं

काशीच्या बालाजी घाटावरचा पेशव्यांचा महाल इंग्रज सरकारने 1864 साली लिलावात काढला आणि ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी तो घेतला, असं या घाटाच्या इतिहासात सांगतात. लिलावात बोली जिंकणाऱ्याचं नाव मागे राहतं. लिलाव पुकारणाऱ्याच्या दलालीची आठवण कोणी ठेवत नाही. ज्या दोघांचं बोलणं पुढे देतो आहे, त्यांचा वाद मात्र तशाच एका दलालीवरून होता. रक्कम 4 डॉलर 25 सेंट. आपले साडेतीनशेच्या वर थोडे.

मामा बँकेतून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकात काशीला येऊन राहिले, त्यानंतर ब्रह्माघाट, दुर्गाघाट, बालाजी घाट या पट्ट्यात दक्षिणी घरं वाढत गेली. त्यांतलंच मामांचं घर एक. त्यांची भाची खोजवाँ-कश्मीरीगंजच्या कारागिरांकडून लाकडी खेळणी आणि सिंधोरे, म्हणजे लग्नात लागणारे कुंकवाचे लाखकाम केलेले डबे, घेते आणि परदेशी लिलावाच्या साइटवर विकते. साइटचं नाव लिहीत नाही. वाद झाला तेव्हा साइटची बाजू मांडायला तिथे कोणी नव्हतं.

भाची : मामा, मी हे पैसे भरून टाकतेय. तुम्ही मध्ये पडू नका.

मामा : भर ना. माझी काही हरकत नाही. पण कशाचे भरतेस तेवढं सांग.

भाची : विक्रेत्याची फी. थकली म्हणून खातं गोठवलंय त्यांनी. नवा माल चढवता येत नाही. तिकडे नाताळची खरेदी नोव्हेंबरात सुरू होते आणि मी साडेतीनशे रुपयांपायी दुकान बंद करून बसलेय.

मामा : ‘फी’ हे काय उत्तर झालं? आमच्या शाखेत कोणाच्या खात्यातून चार्जेस गेले, की माणूस काउंटरवर येऊन विचारायचा, कशाचे? आणि आम्हाला सांगावं लागायचं. तू तर विचारायच्या आधीच पाकीट काढलंस. दाखव तो हिशेब.

तिने मोबाइल पुढे केला. हिशेबाच्या दोनच ओळी. पहिली 1 डॉलरची, एका सिंधोऱ्याला राखीव किंमत लावल्याबद्दल. बोली अमुक रकमेपर्यंत गेली नाही तर माल द्यायचा नाही, अशी अट विक्रेत्याला घालता येते. तिची फी माल विकला गेला नाही तरी लागते. सिंधोरा विकला गेला नव्हता. दुसरी ओळ 3 डॉलर 25 सेंटची, लाकडी वाजंत्र्यांच्या संचावरची विक्री फी, 25 डॉलरच्या बोलीवर 13 टक्के. शहनाईवाला, ढोलवाला, झांजवाला, सगळे बोटाएवढे, लाल-पिवळे. हा विकला गेलेला संच मामांच्या कपाटावर खोक्यात होता. खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती.

मामा : विकला ना? मग इथे काय करतोय?

भाची : बोली जिंकली त्याने पैसेच दिले नाहीत. मेल केले, उत्तर नाही.

मामा : म्हणजे विक्री झाली नाही. तरी विक्री फी लागली. आणि ती तू भरणार.

भाची : विक्री बुडाली ती त्याच्यामुळे, पण मुदत मी हुकवली. खरेदीदाराने पैसे दिले नाहीत, असं कारण देऊन विक्रेत्याने ऑर्डर रद्द करायची असते. ईबेवर चार दिवस वाट पाहून रद्द करता येते, पण 30 दिवसांच्या आत. मग विक्री फी परत जमा होते. आमच्या साइटचा नियमही त्याच धर्तीवरचा. तेव्हा घरात लग्न होतं. राहिलं.

मामा : मुदत हुकली म्हणून न झालेली विक्री झाली का गं?

भाची : नाही झाली. पण रद्द करणं माझं काम होतं आणि त्या नियमाला मी खातं उघडताना हो म्हटलंय.

मामा : तो नियम तू वाचला होतास?

भाची : तुमच्या बँकेचे फॉर्म लोक वाचायचे?

इथे मामा हसले. पण त्यांनी मुद्दा सोडला नाही, आणि बँकेतली माणसं सहसा सोडत नाहीत.

मामा : हे बघ. पूर्वी संध्याकाळी रोकड आणि वही जुळली नाही, एका रुपयाचा फरक आला, तर अख्खी शाखा बसून राहायची. बाहेरच्यांना वाटायचं, काय हे, एका रुपयासाठी! खिशातून टाका आणि घरी जा. पण आम्ही रुपयासाठी बसत नव्हतो. एका बाजूला लाखाची चूक आणि दुसऱ्या बाजूला एक लाख एक रुपयाची, असंही असू शकतं. वरून दिसतो फक्त रुपया. खिशातून रुपया टाकला, की दोन्ही चुका कायमच्या झाकल्या गेल्या. म्हणून छोटी रक्कम आधी उघडायची, मग भरायची.

भाची : उघडली की. दोन ओळी निघाल्या. लाखाची चूक काही निघाली नाही.

मामा : तुझ्या खात्यात नसेल. पण जगभरच्या किती विक्रेत्यांनी असे तीन-तीन डॉलर न विचारता भरले असतील? प्रत्येकाला वाटतं, एवढ्याशासाठी कोण भांडेल. एवढंसं एवढ्याशा माणसांकडून घ्यायचं, हाच तर धंदा.

भाची : बरं, मग काय करू? भरू नको?

मामा : एक डॉलर भर. तो लागतो. सव्वातीनाला नाही म्हण, आणि लिहून नाही म्हण.

भाची : आणि तोवर दुकान बंद? मामा, माझा एक सिंधोरा विकला, की या वादातले सगळे पैसे सुटतात. तुम्ही मला तीन डॉलरसाठी तीन संध्याकाळी मेल लिहायला सांगताय. तुमचं तत्त्व माझ्या वेळावर चाललंय.

हे तिचं वाक्य मला पटलं. निवृत्त माणसाला तत्त्वासाठी सवड असते. ज्याचा माल गोदामात अडकलाय त्याला ती विकत घ्यावी लागते. मामांनाही ते लागलं असावं, कारण त्यांनी बाजू बदलली आणि थेट इतिहासात शिरले.

मामा : कर्जाचा एवढा बाऊ करू नये. थोरल्या बाजीरावांवर कर्ज काय थोडं होतं? धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचंच देणं होतं, आणि स्वामी तगादा लावण्यात मागे नव्हते. तरी मोहिमा थांबल्या नाहीत.

भाची : कारण स्वामींना त्यांचा घोडा गोठवता येत नव्हता! माझं खातं एका बटणावर गोठतं.

मामा : तेच म्हणतोय मी. घेणेकरी तोच, हिशेबनीस तोच, न्यायाधीश तोच आणि जप्ती आणणाराही तोच. दिवाणी कोर्टात निदान वादी आणि न्यायाधीश ही दोन माणसं असतात.

भाची : मग जा की कचहरीत, साडेतीनशे रुपयांसाठी! रिक्षालाच तेवढे जातील. आणि ते तरी कशाला? दादा म्हणत होता, तीन वर्षं गप्प बस, मुदत संपली की देणंच संपतं.

मामा : दादा अर्धवट वाचतो. आपल्या 1963 च्या मुदत कायद्यात साधारण उधारीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, खरं. पण मुदत गेली म्हणजे दावा मेला. देणं मरत नाही. घेणेकऱ्याला कोर्टात मागता येत नाही, एवढंच. आणि मुदत संपायच्या आत ‘हो, देणं आहे’ असं लेखी कबूल केलंस, की त्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू. मुदत संपल्यावरही लेखी सही करून ‘देईन’ म्हणालीस, तर करार कायद्याच्या 25 व्या कलमाने तो नवा करार होतो. म्हणून म्हणतो, सव्वातीन डॉलरसकट सगळं मान्य असल्यासारखा मेल लिहू नकोस.

भाची : आणि ती कंपनी परदेशातली. वाद झाला तर कायदा त्यांचा, आपला नाही. करारात लिहिलेलं असतं.

मामा : मग दादाचा सल्ला दोन्हीकडून फुकट.

भाची : तुमचीच बँक किरकोळ बाक्या निर्लेखित करायची ना?

मामा : करायची. पाच रुपये वसूल करायला त्याहून जास्तीचं टपाल कोण लावेल? पण निर्लेखन म्हणजे माफी नव्हे. आम्ही ते वहीतून काढायचो, माणसाच्या नावावरून नाही. तोच माणूस पुढे कर्ज मागायला आला, की जुना कागद वर यायचा.

भाची : बरोबर. माझंही तेच होणार. म्हणून भरतेय.

मामा थोडा वेळ गप्प बसले. आपल्याच वाक्यात सापडलेला माणूस पाहायला मजा येते, हे कबूल करतो.

मामा : पण मला हे सांग, पैसे थकलेच कसे? कार्ड तर जोडलेलं असेल.

भाची : जोडलेलं होतं. बाकी राहिली, की ते कार्डावरून आपोआप कापून घ्यायचे. मध्ये बँकेने नवं कार्ड दिलं, आणि कापायला गेले की नकार. मला वाटलं, फी जातेय.

मामा : त्यात तुझा दोष अर्धाच. मार्च 2020 पासून नवं कार्ड येतं ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालणारं. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार आपण स्वतः चालू करावे लागतात. आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून आपोआप कापायच्या रकमेला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आधी ओटीपी देऊन संमती नोंदवावी लागते. परदेशी साइट या पद्धतीत आलेली नसेल, तर बँक ती वसुली परत पाठवते. तुला वाटतं जातेय, त्यांना वाटतं ही देत नाही. नियम चांगला आहे, कार्डावरची फसवणूक त्याने रोखली जाते. पण असल्या बारीकसारीक थकबाक्यांतल्या बऱ्याच या फटीतून पडतात. तुझ्यासारख्यांना ना बँक सांगते, ना साइट.

भाची : साइट सांगते. मेल येतो. मी पाहत नाही, एवढंच.

मामा : पूर्वी दलाली विक्रीतूनच कापायचे. हे आधी विक, मग भर, कुठून आलं?

भाची : ऑनलाइन लिलावात सुरुवातच तशी झाली. ईबे 1995 साली सुरू झालं तेव्हा त्याचं नाव ऑक्शनवेब होतं. पिअर ओमिडयार नावाच्या माणसाने घरच्या घरी चालवलेलं. पहिली वस्तू विकली गेली ती बिघडलेला लेझर पॉइंटर, 14 डॉलर 83 सेंटला! तेव्हा फी नव्हतीच. मग लोक इतके वाढले, की इंटरनेट देणाऱ्या कंपनीने त्याचं महिन्याचं बिल 30 डॉलरवरून 250 डॉलर केलं. म्हणून 1996 मध्ये त्याने फी लावली. 25 डॉलरच्या आतल्या वस्तूवर 5 टक्के, वरच्यावर अडीच. पण वसूल कशी करणार? काहीच सोय नव्हती. विकणाऱ्याने आपणहून पाठवायची.

मामा : आणि पाठवली?

भाची : पाकिटं यायला लागली. कोणाचा चेक, कोणी पुठ्ठ्याच्या कार्डावर नाणी चिकटवून पाठवलेली. पहिल्याच महिन्यात खर्चाहून जास्त जमलं. पुढे ती पाकिटं उघडायला त्याला माणूस ठेवावा लागला.

मामांना ही गोष्ट फार आवडली. नाणी चिकटवलेलं कार्ड कसं असेल, याची त्यांनी हवेत बोटाने आकृती काढली.

मामा : बघ. कोणी गोठवत नव्हतं, तरी लोक देत होते. कारण आकारणी समजण्यासारखी होती. वीस डॉलरला विकलं, एक डॉलर दिला. आता?

भाची : आता ईबेसारख्या साइटवर खरेदीदाराचे पैसे आधी साइटकडेच जातात. त्यातून फी कापून उरलेले आपल्याला. थकबाकीचा प्रश्नच नको.

मामा : मग तुझी कशी थकली?

भाची : कापायला पैसे आले तर कापतील ना! त्या महिन्यात माझी एकही विक्री पुरी झाली नाही. राखीव किमतीची फी लागली, वाजंत्र्यांचे पैसे आलेच नाहीत. आत काही नाही, मग कार्डाकडे वळले, आणि कार्ड बंद. अशा साइटवर आता थकबाकी राहते ती बहुतेक अशीच. ज्याचं विकलं जातं त्याची कधी राहत नाही. ज्याचं विकलं जात नाही त्याची राहते.

मामा : ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडूनच मागायचं.

भाची : दुकानाचं भाडं गिऱ्हाईक आलं नाही म्हणून माफ होतं का?

मामा : दुकान तुझं आहे कुठे? तुला आठवत नसेल, मला आठवतं. बाझी डॉट कॉम नावाची आपली देशी लिलावाची साइट होती, 2000 सालची. 2004 मध्ये ईबेने घेतली. 2017 मध्ये ईबेचा इथला कारभार फ्लिपकार्टकडे गेला, आणि 14 ऑगस्ट 2018 ला ईबे डॉट इन बंद. तिथे वर्षानुवर्षं चांगले शेरे जमवलेल्या विक्रेत्यांना ते शेरे दुसऱ्या साइटवर नेता आले? ज्या नावासाठी तू भरतेस, ते नाव त्यांच्या फळीवर लिहिलंय.

भाची : फळी त्यांची असेल, पण ती वाचतं ते माझं गिऱ्हाईक आहे. कॅनडातली एक बाई दर वर्षी खेळणी घेते. तिला ना तुमची बँक माहीत, ना आपला घाट. तिला त्या शेऱ्यांवरून कळतं, की इथून पाठवलेलं पोहोचतं. खातं बंद दिसलं, की ती दुसऱ्याकडे जाणार. आणि नवीन खातं उघड म्हणणारेही आहेत. वेगळा मेल, वेगळा नंबर. पण पत्ता तोच, बँक तीच. दोन्ही खाती जोडली जातात आणि दुसरंही बंद होतं. मग चार डॉलरवाली मी नियम चुकवणारी ठरते.

मामा : तेवढं करू नकोस. ते लबाडीचं.

भाची : म्हणून भरते. हा बघा मेल, खाली बटण आहे, ‘आत्ता भरा’. दाबलं की संपलं.

मामा : थांब! हा मेल त्यांचाच कशावरून?

ती थांबली. मेलमध्ये नाव बरोबर होतं, रंग बरोबर होता, पण थकबाकीचा आकडा नव्हता. नुसतं ‘तुमची फी बाकी आहे, 24 तासांत भरा’. खरी साइट सहसा आकडा लिहिते. थकबाकीची भीती घालून कार्डाचा नंबर काढून घेणाऱ्यांना लिलावाचे विक्रेते आयते सापडतात; प्रत्येकालाच वाटतं, काहीतरी बाकी असेल. मेल खरा होता की खोटा, ते तिने तपासत बसण्याचं कारणच नव्हतं. तिने मेल मिटवला, ब्राउझरमध्ये साइटचा पत्ता स्वतः टाइप केला, आत जाऊन हिशेबाचं पान उघडलं. तिथे मात्र 4 डॉलर 25 सेंट होते.

मामा : आता ऐक. आलीच आहेस आत तर मदतीच्या खिडकीत दोन ओळी लिही. पैसे आले नाहीत, माल माझ्याकडेच आहे, विक्री फी परत करा. खोक्याचा फोटो लाव. किती वेळ लागेल?

भाची : दहा मिनिटं.

मामा : मग माझं तत्त्व तुझ्या दहा मिनिटांवर चालू दे. नाही म्हणाले तर भर. मी अडवणार नाही.

भाची : आणि नाही म्हणाले तर तुम्ही म्हणाल, बघ, सांगितलं होतं.

मामा : ते तर म्हणणारच.

इथे मी मध्ये बोललो नाही, पण वाचकांपुढे माझं मत सांगतो. भाची बरोबर आहे. साडेतीनशे रुपयांची थकबाकी टाकून निघून जाणं, तीन वर्षं मोजत बसणं, दुसऱ्या नावाने खातं उघडणं, हे तिन्ही मार्ग चार डॉलरला महाग पडतात. पण मामांचा आग्रह जसाच्या तसा ठेवून ती बरोबर आहे. लागू असलेली फी आणि चुकून लागलेली फी एकाच आकड्यात मिसळलेली असते, आणि न पाहता भरणारा माणूस दुसरीला कायमची मान्यता देतो. आधी वेगळी करा, लेखी हरकत घ्या, चार-आठ दिवस थांबा. नकार आला तर भरा आणि पावती ठेवा. त्यापुढे भांडायला रक्कम मोठी लागते.

आणि ज्यांचा माल आज कुठल्या साइटवर चढलेला आहे, त्यांनी हा लेख बाजूला ठेवून दोन गोष्टी पाहाव्यात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार चालू आहेत का, आणि कोणी बोली जिंकून पैसे न दिलेली ऑर्डर रद्द करायची राहिली आहे का. फी भरताना मेलमधली लिंक दाबू नका, साइट स्वतः उघडा. कार्डाची माहिती चुकीच्या हाती गेलीच, तर कार्ड लगेच बंद करा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी पैसे वाचण्याची शक्यता जास्त.